लातूरच्या स्टँडवरून नागपूरच्या रिंगणाकडे

सकाळी सात वाजता लातूरच्या एस.टी. स्टँडवर उभे राहावे. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुली घोळक्याने उतरत असतात. पाठीवर दप्तर, हातात पास आणि शिकवणी गाठायची घाई. हे 'लातूर पॅटर्न'चे शहर. लेकराला डॉक्टर करायचे म्हणून इथे बाप कर्ज काढतो. मुलीच्या मनगटात किती जोर आहे, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.

नांदेडची गाडी चाकूर, अहमदपूर मागे टाकते आणि माळेगाव येते. खंडोबाच्या यात्रेत इथे घोड्यांचा बाजार भरतो, कुस्त्या रंगतात. फडाभोवती गर्दी सारी बाप्यांची. आपल्या आयाबहिणी रानात, वीटभट्टीवर, उसाच्या फडात दिवसभर राबतात. पण त्या कष्टाला ताकद म्हणायची आपली रीत नाही.

गोदावरी ओलांडली की नांदेड. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा हाती धरला, ती गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव याच नांदेड जिल्ह्याची. म्हणजे गुणांचा दुष्काळ इथे नाही.

हाच ३६१ क्रमांकाचा महामार्ग पुढे हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत बुटीबोरीला पोचतो. तिथून नागपूर जवळच. दीक्षाभूमीला जाताना आपल्यापैकी अनेकांनी ही वाट तुडवली आहे. त्याच नागपुरात आणखी एक जागा लेकींना दाखवावी अशी आहे : मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल.

अल्फिया पठाण इथेच घडली. वडील नागपूर पोलिसांत, भाऊ बॉक्सिंग खेळणारा. शाळकरी वयात तिनेही हातमोजे चढवले. गणेश पुरोहित यांनी तिला शिकवले. २०१९ मध्ये ती आशियाई ज्युनिअर विजेती झाली. एप्रिल २०२१ मध्ये, नागपूर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत होरपळत असताना, पोलंडमधील किएल्त्से येथे ८१ किलोंवरील गटात तिने युवा जागतिक सुवर्णपदक जिंकले. मोल्दोव्हाच्या प्रतिस्पर्ध्यावर निकाल ५-० असा, म्हणजे पाचही पंचांनी तिलाच कौल दिला. त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी सात सुवर्णपदके मिळवली. २०२२ मध्ये कझाकस्तानात तिने माजी जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवा हिला हरवले. त्याच वर्षी पुण्याची देविका घोरपडे ५२ किलो गटात युवा जगज्जेती झाली.

वाट मात्र सरळ नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत वरचा वजनगट ७५ किलोंचा होता. अल्फियाच्या वजनाला तिथे जागाच नव्हती. जगात पहिली येऊनही दार बंद, असेही खेळात घडते.

"पोरीचं नाक मोडलं तर स्थळ कसं यायचं?" ही आईची भीती खोटी नाही. मार लागतोच. म्हणून तर मुलींच्या लढतीत डोक्याला शिरस्त्राण आणि दातांना रक्षक असतो. तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या होतात आणि धोका दिसताच पंच लढत थांबवतो. जिथे ही शिस्त नाही, तिथे लेकीला पाठवू नये.

पण खरी अडचण भीतीची नाही, अंतराची आहे. अल्फियाला रिंगण स्वतःच्या शहरात मिळाले. चाकूरच्या मुलीने रोज नागपूरला जायचे कसे? एस.टी.चा पास तिला शाळेपर्यंत नेतो. संध्याकाळच्या सरावानंतर घरी आणणारी गाडी कोणती? घरच्या अल्पमिळकतीत दूध-अंडी कुठून यायची? हे प्रश्न एकट्या मुलीने सोडवायचे नाहीत. वस्तीतल्या चार पालकांनी मिळून शाळेच्या क्रीडाशिक्षकाला भेटावे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा, मुलींसाठी सरावाची वेळ आणि जागा मागावी.

उद्या सकाळी लातूरच्या स्टँडवर त्या मुली पुन्हा उतरतील. त्यांतल्या एखादीच्या दप्तरात वह्यांशेजारी हातमोज्यांची जोडी असायला काय हरकत आहे?