कपाटातला हँडीकॅम

शाळेच्या कपाटातला व्हिडिओ कॅमेरा भंगारात द्यायचा की ठेवायचा, असा प्रश्न यंदा निघाला. २००४ साली पालकांनी वर्गणी काढून घेतलेला, मिनी-डीव्ही कॅसेटवर चालणारा. निर्णयाआधी आम्ही चौघांनी तो दोन रविवार आणि अनंत चतुर्दशीची एक रात्र वापरून पाहिला.

पकड मात्र मानली पाहिजे. पंजावरून पट्टा, अंगठ्याखाली रेकॉर्डिंगचे बटण, वर बोटांखाली झूमची कळ. कळ हलकेच दाबली तर चित्र सावकाश पुढे सरकते, जोरात दाबली तर झपकन. मोबाइलवर दोन बोटे ताणून हे साधत नाही. बारा मिनिटांचे भाषण एका हाताने सहज घेता आले. खोड एकच, कॅसेटचे दार खालून उघडते. स्टँडवर असताना तास संपला, की कॅमेरा उतरवा, कॅसेट बदला, पुन्हा चढवा. तोवर नाटकातला राजा मरून पडदाही पडलेला असतो!

खरी परीक्षा रात्रीची. आपल्या इंदुरात गिरण्या बंद पडल्या, तरी गिरणी कामगारांच्या झांक्या निघतच राहिल्या. दिव्यांनी लखलखणारी झांकी आणि भोवती अंधारातली गर्दी, दोन्ही एकाच चौकटीत. कॅमेरा अंधार पाहून आपणहून उजेड वाढवतो आणि दिव्यांचे नुसते पांढरे गोळे होतात. हाताने उजेड कमी केला, तर दिवे सुरेख आले, पण माणसे गडप. प्रकाश टिपणारी चकती नखापेक्षा लहान, म्हणून काळ्या भागात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. मंद शटर लावले, तर आखाड्यात काठी फिरवणाऱ्या मुलाच्या हाताच्या जागी धूरच फिरला. अंधारात पाहण्याची इन्फ्रारेडची सोय आहे, ती दोन-तीन मीटरपर्यंत. तिच्यात आमच्यातल्या एका आजोबांचा चेहरा हिरवा आणि डोळे मांजरासारखे आले. नातवंडे खूश झाली, आजोबा नाहीत.

फोटोंबद्दल फार लिहायला नको. ६४० बाय ४८० म्हणजे जेमतेम तीन लाख ठिपके. पोस्टकार्डाएवढ्या छपाईला कसेबसे चालतील, भिंतीवरच्या चौकटीला नाहीत. चालत्या चित्रीकरणातून फोटो काढावा, तर हलत्या माणसाच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. एकेक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे असते आणि त्या दोहोंत १/५० सेकंदाचे अंतर असते, त्यामुळे हे होते.

एवढ्यावरून कॅमेरा भंगारातच जायचा. पण २००५ च्या स्नेहसंमेलनाची कॅसेट लावली. सभागृह अंधारे, चित्र दाणेदार, चेहरे ओळखायलाही वेळ लागला. मग आपल्या जुन्या संगीताच्या बाई पेटीवर सूर देऊन मुलांना म्हणाल्या, "घाबरू नका, मी आहे." बाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. आवाज अगदी स्वच्छ. अशा १९ कॅसेटी कपाटात आहेत आणि त्या वाजवणारे दुसरे यंत्र शाळेत नाही.

तेव्हा ठरले, की यंदाचे संमेलन मोबाइलवर घ्यायचे आणि या कॅमेऱ्याने फक्त जुन्या कॅसेटी वाजवायच्या, तेही हेड झिजण्याआधी. सात कॅसेटी संगणकावर उतरल्या. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा. बाकी बारांसाठी फायरवायरची जोडणी असलेला चालू स्थितीतला संगणक हवा, कारण उसना आणलेला परत करावा लागला. कुणाच्या माळ्यावर असल्यास कृपया कार्यालयात कळवावे.