अकरा जणांचे वाक्य

फुटबॉलचा एक डाव असा आहे की तो खेळायला मैदान लागत नाही, चेंडू लागत नाही आणि दमही लागत नाही. एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. जगात आजवर होऊन गेलेल्या आणि आज खेळत असलेल्या फुटबॉलपटूंतून आपल्या मनाजोगते अकरा जण निवडायचे आणि त्यांचा संघ कागदावर उभा करायचा. विश्वचषक जवळ आला की हा डाव चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत सर्वत्र रंगतो. तुम्हीही तो कधी ना कधी मांडला असेल. नसेल, तर पुढील मजकूर वाचता वाचता मांडावा. माझी निवड तुम्हाला पटेल अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही.

पहिली यादी भराभर तयार होते. पेले, मॅराडोना, मेसी, क्रायफ, झिदान, दि स्तेफानो, पुश्कास, प्लातिनी. शिवाय रोनाल्डो, एक ब्राझीलचा आणि एक पोर्तुगालचा. हात आखडता घेतला नाही तर अकराची संख्या पुढच्या फळीतच संपते आणि गोलरक्षकाला जागा उरत नाही. अशी यादी मी अनेकांच्या वहीत पाहिली आहे. तिला संघ म्हणणे मला जड जाते. ती शब्दसूची आहे. कोशातले अकरा सुंदर शब्द एका ओळीत मांडले, तरी त्यांचे वाक्य होत नाही.

भाषाविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे ही तुलना मला सुचली, हे खरे. पण ती नुसती अलंकारापुरती नाही. वाक्य बोलताना आपण दोन कामे एकाच वेळी करतो. प्रत्येक जागेसाठी अनेक शब्दांतून एक निवडतो आणि निवडलेला शब्द शेजारच्या शब्दांशी जुळवून घेतो. 'नळाला नीर आले' असे कोणी म्हणत नाही. 'नीर' हा शब्द 'पाणी'पेक्षा उणा आहे म्हणून नव्हे, तर नळाशी त्याचे जमत नाही म्हणून. सोस्यूरने भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली, हे तुम्ही भाषाविज्ञानाच्या अभ्यासात वाचले असेल. सोंगटीचे मोल ती कशाची घडवली आहे यावर ठरत नाही, पटावरील इतर सोंगट्यांशी असलेल्या तिच्या नात्यावर ठरते. त्याने फुटबॉलचे उदाहरण का घेतले नाही, असे मला अनेकदा वाटते. बुद्धिबळात घोडा उंटाला पास देत नाही.

आता 'रामाने रावणाला मारले' हे वाक्य घ्या. त्यातले 'ने' आणि 'ला' काढून टाका. राम राहिला, रावण राहिला, मारणेही राहिले. परंतु कोणी कोणाला मारले हे कळेनासे झाले. कोणत्याही कवीने 'ला' या प्रत्ययाचे गुणगान केलेले नाही. तरीही सारे वाक्य त्याच्या आधाराने उभे असते. माझ्या संघात सर्वांत आधी निवडलेले नाव अशाच एका खेळाडूचे आहे: क्लोद माकेलेले.

हे नाव वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. माकेलेले गोल क्वचितच करत असे. बचावफळीच्या पुढे उभे राहावे, प्रतिस्पर्ध्याची चाल वेळीच ओळखावी, चेंडू काढून घ्यावा आणि तो चार-पाच पावलांवरच्या अधिक कुशल सहकाऱ्याकडे सोपवावा, एवढेच त्याचे काम. २००० ते २००३ या काळात तो रेआल माद्रिदकडून खेळला. झिदान, फिगो, राऊल, रोनाल्डो यांसारख्या ताऱ्यांच्या मागे राहून तो हे काम करीत होता आणि संघ लीग जिंकत होता, युरोपचा चषक जिंकत होता. त्याचे मानधन त्या ताऱ्यांच्या तुलनेत पुष्कळच कमी होते. त्याने वाढ मागितली. ती मिळाली नाही. २००३ च्या उन्हाळ्यात तो चेल्सीला गेला आणि त्याच उन्हाळ्यात माद्रिदमध्ये बेकहॅम आला. ताऱ्यांची संख्या एकाने वाढली. त्यानंतरच्या तीन हंगामांत माद्रिदला ना लीग मिळाली, ना युरोपचा चषक. चेल्सीने मात्र २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडची लीग जिंकली. यामागे इतरही कारणे असतील, असणारच. पण वाक्यातून 'ला' गळाला की काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला व्याकरणाच्या पुस्तकातही सापडलेले नाही.

माकेलेले आला म्हणजे झिदान गेला. हे लिहिताना हात थबकतो. १९९८ च्या अंतिम सामन्यातले त्याचे दोन हेडर, २००२ मध्ये ग्लासगोच्या मैदानावर डाव्या पायाने हवेतच टोलवलेला तो चेंडू! पण मध्यफळीत जागा तीनच. त्यांतली एक झावीची. खेळाची लय त्याच्या पायांत असे आणि चेंडू येण्याआधीच त्याची मान डावी-उजवीकडे फिरून मैदान वाचून घेत असे. दुसरी मॅराडोनाची, तिच्याविषयी पुढे सांगतो.

बचावफळीतही हाच पेच आहे. फ्रान्झ बेकेनबाउर सर्वांच्या यादीत असतो. त्याच्या भूमिकेला 'लिबेरो' म्हणत. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'मोकळा'. सर्वांच्या मागे उभा असलेला हा खेळाडू चेंडू घेऊन निघे आणि पाहता पाहता प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पोचे. त्याच्या जोडीला बहुतेक जण इटलीचा फ्रांको बारेसी घेतात. तोही तितकाच थोर आणि तोही लिबेरोच. दोन मोकळी माणसे शेजारी उभी केली तर घराची राखण कोणी करायची? खुद्द बेकेनबाउरने हा प्रश्न कसा सोडवला होता ते पाहा. बायर्न म्युनिक आणि पश्चिम जर्मनी या दोन्ही संघांत त्याच्या शेजारी गेओर्ग श्वार्झेनबेक नावाचा उंच, काहीसा ओबडधोबड दिसणारा खेळाडू असे. बेकेनबाउर पुढे निघाला की मागची मोकळी जागा तो भरून काढी. १९७४ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न एका गोलने मागे असताना अगदी शेवटच्या मिनिटाला याच श्वार्झेनबेकने दुरून फटका मारून बरोबरी साधली. दोन दिवसांनी सामना पुन्हा झाला; तो बायर्नने ४-० असा जिंकला. निवृत्तीनंतर त्याने म्युनिकमध्ये वह्या-पेन्सिलींचे दुकान चालवले, हे मला त्याच्या खेळाशी फार सुसंगत वाटते. माझ्या संघात बेकेनबाउरबरोबर तोच खेळेल.

डाव्या बाजूला पाओलो मालदिनी. पंचवीस हंगाम एकाच क्लबकडून खेळलेल्या माणसाविषयी वाद घालू नये. गोलमध्ये लेव्ह याशिन. बॅलन डी'ऑर हा सन्मान आजवर एकाच गोलरक्षकाला मिळाला आहे, १९६३ मध्ये, आणि तो याशिनला.

याशिनला मी खेळताना पाहिलेले नाही. गरिंचालाही नाही. जुन्या चित्रफितींचे काही धूसर तुकडे आणि बाकी सारे ऐकीव. तुम्ही विचाराल, ऐकीव पुराव्यावर निवड करावी काय? लिपी नसलेल्या भाषांचा अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. लिहिले गेले नाही म्हणून एखादी गोष्ट नव्हतीच, असे तो मानत नाही. गरिंचाचे दोन्ही पाय एकाच दिशेला वाकलेले होते. त्याची हुलकावणी बहुधा ठरलेली असे. डावीकडे झुकल्यासारखे करायचे आणि उजवीकडून निसटायचे. समोरच्या बचावपटूला हे ठाऊक असे आणि तरीही तो फसे. म्हणीचेही असेच असते. शेवट माहीत असूनही ती दर वेळी काम करते. पेले आणि गरिंचा हे दोघे मैदानावर असताना ब्राझील एकही आंतरराष्ट्रीय सामना हरले नाही. तेव्हा उजवी बाजू गरिंचाची. याच ऐकीव पुराव्याच्या बळावर बदली खेळाडूंच्या बाकावर मी एक जागा नेव्हिल डिसोझाला देतो. मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर खेळलेला हा आघाडीपटू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली. भारत तो सामना ४-२ असा जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. हा पक्षपात आहे. स्वप्नातल्या संघात तो चालतो.

सर्वांत अवघड प्रश्न मेसी की मॅराडोना हा. 'दोघेही' असे उत्तर देण्याचा मोह होतो. पण दोघेही डावखुरे, दोघांनाही मैदानाचा तोच पट्टा हवा आणि दोघांनाही चेंडू पायाशी हवा. एका वाक्यात दोन समानार्थी शब्द आले की पुनरुक्ती होते. मी मॅराडोना निवडतो. १९८६ मध्ये मी शाळकरी होतो. मेक्सिकोतली भर दुपार दूरदर्शनवर आमच्याकडे मध्यरात्री येत असे. इंग्लंडविरुद्धचे ते दोन गोल, एक हाताने ढकललेला आणि चार मिनिटांनी केलेला दुसरा, अर्धा संघ मागे टाकून, त्या वयात पाहिले की माणूस तटस्थ राहत नाही. त्या दुसऱ्या गोलाचे वर्णन करताना व्हिक्टर ह्यूगो मोरालेस या रेडिओ समालोचकाने मॅराडोनाला विश्वात भरारणारा पतंग म्हटले. भाषा तोकडी पडते तेव्हा ती रूपकाकडे धावते, असे आपण वर्गात म्हणतो; त्या समालोचकाला रूपक शोधायला क्षणाचीही उसंत नव्हती. पण माझ्या निवडीचे कारण तो गोल नव्हे. त्या स्पर्धेत अर्जेंटिनाने १४ गोल केले. त्यांतले ५ मॅराडोनाने स्वतः केले आणि आणखी ५ त्याच्या पासवर झाले. अंतिम सामन्यात २-२ अशी बरोबरी असताना जर्मन खेळाडूंच्या गराड्यातून त्याने एकच स्पर्श केला आणि बुरुचागा मोकळा धावत सुटला. साध्या शब्दांचे वाक्य एका क्रियापदाने उजळावे, तसे ते होते.

आता माझ्याच सिद्धान्ताला आडवे येणारे उदाहरण सांगायला हवे, नाही तर तुम्ही सांगाल. १९७० चा ब्राझीलचा संघ. पेले, तोस्ताव, रिव्हेलिनो, गेर्सन, जैरझिन्यो. साधारण एकाच प्रकारचा खेळ असलेले पाच जण झगालो या प्रशिक्षकाने एकत्र खेळवले. पुनरुक्तीचा नियम लावला तर हा संघ कोसळायला हवा होता. तो जग जिंकला. या कोड्याचा विचार करताना मी इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यातील चौथा गोल पुन्हा पुन्हा पाहतो. क्लोदोआल्दो आपल्याच अर्ध्या मैदानात चौघांना चकवतो. चेंडू रिव्हेलिनोकडे, तेथून डाव्या कडेला जैरझिन्योकडे. हा खरे तर उजव्या बाजूचा खेळाडू. आपली जागा सोडून आलेला. तो चेंडू पेलेला देतो. पेले थांबतो. घाई नाही. उजवीकडे, जेथे पडद्यावर कोणीच दिसत नाही, तेथे तो चेंडू हलकेच सरकवतो आणि चौकटीबाहेरून कार्लोस अल्बर्टो धावत येतो. झगालोने प्रत्येकाला नवे काम दिले होते आणि प्रत्येकाने ते स्वीकारले होते. समानार्थी शब्दांनी आपापल्या अर्थछटा वाटून घेतल्या होत्या. मेसी आणि मॅराडोना यांनी तसे केले असते काय? मला वाटते, मॅराडोनाने केले नसते. पण या गोलामुळे एक बदल मी केला. तीन लागोपाठ विश्वचषकांचे अंतिम सामने खेळलेल्या काफूचे नाव खोडून उजव्या बचावावर कार्लोस अल्बर्टोचे लिहिले. पेले घ्यायचा, तर न पाहता दिलेला त्याचा पास ओळखणाराही घ्यायला हवा.

आघाडीच्या डाव्या बाजूला योहान क्रायफ. १९७४ च्या अंतिम सामन्यात तो आणि बेकेनबाउर एकमेकांसमोर कर्णधार म्हणून उभे होते. जर्मन खेळाडूचा चेंडूला पायही लागण्याआधी क्रायफने मुसंडी मारून पेनल्टी मिळवली होती. सामना मात्र बेकेनबाउरच्या संघाने २-१ असा जिंकला. माझ्या संघात त्यांनी आपसांत मिटवून घ्यावे.

राहिली सदऱ्यांची वाटणी. क्रायफचा १४, बेकेनबाउरचा ५, मालदिनीचा ३, गरिंचाचा ७. यांत तक्रार नाही. १० क्रमांकाचा सदरा मात्र एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन. माझ्या कागदावर आघाडीत एक ठिपका आहे, मध्यफळीत एक ठिपका आहे आणि दोहोंच्या मधोमध अनेकदा लिहून खोडलेला दहाचा आकडा आहे.