तीन टक्के

टक्क्यांचा धडा आम्हांला अजून आलेला नाही. तो वरच्या वर्गात आहे. पण मला टक्के येतात, कारण मी ते आमच्या धानावर शिकले. कसे शिकले ते लिहिते.

डिसेंबर २०२५ मध्ये बाबा धान घेऊन खरेदी केंद्रावर गेले. शाळेला सुटी होती म्हणून मीही ट्रॅक्टरवर बसले. ४० किलोचे २५ कट्टे होते, आणि वर सुटे २५ किलो. तेथल्या माणसाने कट्ट्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान काढले व एका यंत्रात टाकले. यंत्रावर १९ आकडा आला. तो म्हणाला, "ओलावा जास्त आहे. १७ टक्क्यांपर्यंतच घेता येते. वाळवून आणा."

मी धान मुठीत घट्ट दाबून पाहिले. एक थेंबसुद्धा पाणी निघाले नाही. बाबांना विचारले, "१९ काय?" ते म्हणाले, "शंभर किलो धानात एकोणवीस किलो पानी." मला वाटले बाबा मस्करी करून राहिले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पाणी दाण्याच्या आत असते, हाताला लागत नाही. शंभरामागे किती, हे सांगायचे म्हणजे टक्के. जुनी माणसे त्यालाच शेकडा म्हणतात.

मग आम्ही समाजमंदिरासमोर ताडपत्रीवर चार दिवस धान वाळवले. मी पायाने धान फिरवत होते आणि आजी काठी घेऊन कोंबड्या हाकलत होती. पुन्हा भरले तेव्हा बरोबर २५ कट्टे भरले. सुटे २५ किलो कोठे गेले? ओलावा १९ चा १७ झाला, म्हणजे २ टक्के गेला. १०२५ किलोचे २ टक्के साडेवीस किलो होतात. साडेचार किलोचा हिशेब लागेना. आजी म्हणाली, "कोंबड्याईनं खाल्लं."

गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवले. १०० किलोत ८१ किलो कोरडे धान आणि १९ किलो पाणी. त्यातले २ किलो पाणी उडाले. उरले ९८ किलो, त्यात १७ किलो पाणी. पण हे १७ आता शंभरात नाहीत, ९८ मध्ये आहेत! म्हणून ते १७ टक्क्यांहून थोडे जास्तच भरतात आणि आणखी वाळवावे लागते. कोंबड्यांवरचा आळ गेला. (थोडे खाल्ले असेलच.)

आता तीन टक्क्यांची गोष्ट. गुरुजींनी सांगितले की साधारण धानाचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला २३०० रुपये होता, तो २०२५-२६ मध्ये २३६९ झाला. ६९ रुपये वाढले. २३०० मध्ये २३ शेकडे. तेवीस त्रिक एकोणसत्तर. बरोबर तीन टक्के, एक रुपया इकडेतिकडे नाही! आमचे धान १० क्विंटल, म्हणजे ६९० रुपये जास्त. मी पळतच घरी गेले.

आई चुलीजवळ होती. ती म्हणाली, "आपन रोवणीले पैसे आणले होते ना, तेबी तीन टक्क्यानंच आहेत." मी म्हटले, मग काय, तिकडे तीन वाढले, इकडे तीन द्यायचे. बराबर झाले!

बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "भावाचे तीन वर्षाचे आहेत, माय. हे तीन दर महिन्याचे आहेत."

जुलैमध्ये रोवणीच्या मजुरीसाठी बाबांनी ५००० रुपये आणले होते. त्यात ५० शेकडे. दर शेकड्याला ३ रुपये, म्हणजे महिन्याला १५० रुपये. धानाचे पैसे खात्यात आले जानेवारीत. तोपर्यंत सहा महिने झाले. ९०० रुपये व्याज. मी पाटीवर ६९० लिहून खाली ९०० लिहिले, पण वजाबाकी होईना. पुसून ९०० वर घेतले. २१० आले. भाव वाढला तो सगळा व्याजात गेला आणि वरून २१० खिशातले गेले. वर्षभर पैसे ठेवले असते तर ते तीन टक्के ३६ टक्के झाले असते.

बाबा पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिहायचं तर लिही, पन त्याचं नाव नको घालू. वेळेवर पैसे तर त्यानंच देल्ले." म्हणून नाव घातले नाही.

आईच्या बचत गटात महिन्याला शेकडा १ रुपया व्याज आहे. तेथून घेतले असते तर सहा महिन्यांचे ३०० रुपये झाले असते. मी विचारले, "मग गटातून काहून नाही घेतले?" आई म्हणाली, "रोवणीच्या दिवसांत साऱ्याच बायांना पैसे पायजेत. आपला नंबर येईपर्यंत पेटीच खाली झाली."

मागच्या बैठकीला मी आईसोबत गेले. यंदाच्या जुलैसाठी आईने पहिलेच नाव लिहायला लावले. बायांनी माझ्याकडून आपापले व्याज काढून घेतले. त्यांत आमच्या वर्गातल्या दोघींच्या आयाही होत्या. एकीचा हिशेब मी चुकवला, कारण तिचे टक्के वर्षाचे होते आणि मी महिन्याचे धरले. ती फार घाबरली होती. मग नीट करून दिला.

कोणाला करून पाहिजे असेल तर मधल्या सुट्टीत पाटी घेऊन या. पण टक्के महिन्याचे की वर्षाचे, ते आधी घरी विचारून या.