आप-पर ओळखण्याचा प्रश्न

विषाणू शरीरात शिरताच इंटरफेरॉन स्रवून सावध करणाऱ्या काही विरळ पेशी रक्तात असतात. त्यांना प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी म्हणतात. विषाणू नसतानाच त्या चेतल्या तर? डॉ. दीप्यमान गांगुली यांचे संशोधन या प्रश्नाशी निगडित आहे. सोरायसिसमध्ये मृत पेशींतील आरएनए एका प्रथिनतुकड्याशी जोडला जातो आणि या पेशी त्यालाच शत्रू समजतात, हे २००९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. पुढे कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेत, स्थूल व्यक्तींच्या पोटातील चरबीतही याच पेशी दाह वाढवतात आणि त्याचा इन्सुलिनच्या मंदावलेल्या प्रभावाशी संबंध असतो, असे त्यांच्या गटाला आढळले. वैद्यकशास्त्रातील २०२२ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’च्या जाहिरातींच्या काळात हे संशोधन मोलाचे आहे. पहारेकरी नुसता बलवान असून भागत नाही. त्याला घरची माणसे ओळखता आली पाहिजेत.