पायडल मारणारं पुणे

सत्तरच्या दशकातलं पुणे डोळे मिटूनही ओळखता यायचं. सकाळी वाकडेवाडीच्या रस्त्यावर खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे निघालेल्या सायकलींची रांग लागे. हँडलला डबा, पँटला क्लिप आणि शेजारच्या सायकलवाल्याशी कालच्या सामन्यावरून वाद. कॉलेजला जाणाऱ्या मुली तिघी-तिघी जणी एका ओळीत लेडीज सायकली चालवायच्या आणि मागच्याने कितीही घंटी बडवली तरी गप्पा पूर्ण झाल्याशिवाय बाजूला व्हायच्या नाहीत. मागच्यालाही फारशी घाई नसे, किंवा त्याला तेवढंच निमित्त हवं असे.

पेठेपेठेत एखादं 'सायकल मार्ट' असायचं. तिथे वहीत नाव आणि वेळ लिहून सायकल तासाच्या भाड्याने मिळे. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत आमची पिढी तिथल्याच खटाऱ्यांवर शिकली. पंक्चर, आउट झालेलं चाक, वर्षातून एकदा 'ओव्हरऑइलिंग' ही सगळी कामं त्याच दुकानात व्हायची. दुकानदार भाडं घेताना ब्रेक लागत नसल्याचं सांगायचा आणि सायकल परत करताना तोच ब्रेक आपणच मोडल्याचं ठरवायचा.

कायदाही होता. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात, तर हवालदार सरळ चाकातली हवा सोडून मोकळा व्हायचा. दिवा नसलेले वीर चौक जवळ आला की उतरून सायकल हातात धरून चालायचे. तेव्हा या सगळ्याचा राग यायचा. आता वाटतं, ज्या वाहनाला दिवा हवा, ज्यावर किती जणांनी बसायचं याला नियम हवा, त्याला रस्त्यावर निदान वाहन म्हणून तरी मोजलं जात होतं.

त्याच दशकात गाड्याही आल्या. 1972 साली लूना मोपेड आली, त्याच वर्षी चेतक स्कूटर आली, आणि दोन्हींमागचे उद्योजक पुण्याचेच. सायकलींचं शहर मोपेडींचं झालं ते असं घरातूनच. 2018 मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेल्याची बातमी आली, तेव्हा कुणाला फारसं आश्चर्यही वाटलं नाही.

माझ्या वयाची मंडळी याचं खापर 'आजकालच्या आळशी मुलांवर' फोडतात. मला ते पटत नाही. आमच्या काळी सायकल चालवायला शौर्य लागत नव्हतं. रस्त्यावरचं सगळ्यात वेगवान वाहन आपल्यापेक्षा जेमतेम दुप्पट वेगाने जायचं आणि अशा वाहनांची संख्याही थोडी. पुढे रस्ते रुंद झाले, ते बहुतेक ठिकाणी पदपथ कापून. मोठे रस्ते एकेरी झाले, उड्डाणपूल आले, वेग वाढला. आठवीतल्या मुलीला अशा रस्त्यावर सायकल घेऊन पाठवायला आज कोणती आई धजावेल? आळसाचा प्रश्न तिथे येतोच कुठे?

म्हणूनच चालायला आणि सायकलला जो बिनधोक रस्ता आम्हाला न मागता मिळाला होता, तो आता मागावा लागतो. ऐंशीच्या दशकापासून सुजित पटवर्धन आणि 'परिसर' ही संस्था पुण्यात हेच बोलत आली. पुढे 'पेडेस्ट्रियन्स फर्स्ट'सारखे गट निव्वळ चालणाऱ्यांसाठी उभे राहिले. सुरुवातीला लोक हसायचे. चालण्यासाठी कसली चळवळ करायची असते का!

2006 च्या सुमारास बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या राखीव मार्गिकांबरोबर, सायकल मार्गही आले. त्यांची अवस्था पुणेकरांना सांगायला नको. मार्ग छान सुरू होतो, मध्येच विजेचा डीपी येतो, पुढे बसथांबा, मग चहाची टपरी, आणि शेवटी अर्धा फूट उंच कठड्यावरून थेट रहदारीत उडी. ज्याने ते आखले त्याला एकदा त्यांवरून सायकल चालवायला लावायला हवी होती.

कागदावर मात्र बरंच काही हाती लागलं. 2016 मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, 2017 मध्ये सायकल आराखडा. त्याच वर्षाच्या शेवटी औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या, पुढच्या वर्षी रंगीबेरंगी सायकली शहरभर दिसू लागल्या. मोबाइलवर कुलूप उघडतंय म्हटल्यावर आमच्या सायकल मार्टचा नातूच परत आल्यासारखं वाटलं. पण दोनेक वर्षांत बहुतेक सायकली मोडून, चोरीला जाऊन किंवा नुसत्या गंजून नाहीशा झाल्या. चालवायला जागा नसेल तर सायकल फुकट दिली तरी कोण घेईल?

जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण मात्र आनंदाचं आहे. तिथला पदपथ रुंद केला, बाकं टाकली, झाडं जागेवरच ठेवली. संध्याकाळी तिथे आजोबा नातवंडांना घेऊन बसलेले दिसतात. 11 डिसेंबर 2021 रोजी तर लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला. त्या रस्त्यावरून आम्ही वर्षानुवर्षं असंच मधोमध चाललो होतो. नव्या पिढीला त्यासाठी मुहूर्त लागला, एवढंच.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथावर किमान 1.8 मीटर रुंदीची मोकळी वाट हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरहून जास्त नको. सर्वोच्च न्यायालयानेही 2025 मध्ये चांगला पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. तेव्हा मोजपट्टी घेऊन आपल्या गल्लीतला पदपथ एकदा मोजून पाहाच.

आणि मोजून झालं की गप्प बसू नका. पुणे महापालिका दरवर्षी पुढच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या प्रभागातली कामं मागवते. साधा एक अर्ज असतो, क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, पावसाळा संपता संपता त्याची मुदत असते. तुटलेला पदपथ, पुसलेला झेब्रा, शाळेसमोरचा गतिरोधक अशी कामं त्यात बसतात. यंदा तो भरा, आणि शेजाऱ्यालाही भरायला लावा.