न वाचता आलेले पत्र

वामनदादा कर्डकांच्या आयुष्यातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीहून मुंबईला आलेला हा तरुण चाळीत राहत होता. एका माणसाने त्याच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. वामनदादांना अक्षरओळख नव्हती. त्या शरमेने त्यांना रडू कोसळले. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी जोडाक्षरे पक्की केली. १९२२ साली जन्मलेल्या या लोककवीचे अक्षरशिक्षण ते एवढेच.

हा प्रसंग आपल्याकडे नेहमी गंभीर स्वरात सांगितला जातो: आधी अज्ञान, मग अश्रू, मग प्रकाश. मला मात्र त्याच्या पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. १९४३ मध्ये वामनदादांनी जे पहिले गीत लिहिले, ते विडंबनगीत होते. एका हिंदी चित्रपटगीतावर बेतलेले. ज्या अक्षरांसाठी हा माणूस रडला, ती हाती येताच तो लोकांना हसवू लागला.

विडंबन म्हटले की आपण एम. ए. च्या वर्गात 'झेंडूची फुले' काढतो. काढावीतच. पण केशवकुमारांच्या विडंबनाची गंमत कळायला मूळ कविता वाचलेली असावी लागते. वऱ्हाडात वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा विनोदही असाच वाचणाऱ्यांचा. वामनदादांच्या विडंबनाला फक्त कान लागतो. सिनेमाची चाल गिरणीतल्या कामगारालाही पाठ असते. विनोदाच्या इतिहासात हा फरक नोंदला जायला हवा होता. आपण वामनदादांना 'प्रबोधनकार' म्हणून हार घातला आणि त्यांचे हसू हाराखाली झाकून टाकले. सखूच्या मेव्हण्यावरचे ते खट्याळ गाणे गुणगुणणाऱ्या कितीतरी जणांना ते वामनदादांचे आहे हे ठाऊक नसते.

याच वाटेवरचा एक परदेशी माणूस मला नेहमी आठवतो. स्वीडनहून अमेरिकेत गेलेला मजूर गायक जो हिल (१८७९–१९१५) चर्चमधल्या भजनांच्या चालींवर थट्टेखोर गाणी रचत असे. खुनाच्या आरोपावरून तो सॉल्ट लेक सिटीच्या तुरुंगात पडला. तिथून १९१४ च्या अखेरीस लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपल्या विनोदाची मीमांसाच केली आहे. त्याचे म्हणणे असे की पत्रक कितीही चांगले असो, ते एकदाच वाचले जाते. गाणे मात्र पाठ होते आणि पुन्हा पुन्हा म्हटले जाते. कोरड्या वस्तुस्थितीवर विनोदाचे पांघरूण घातले, की पत्रक न वाचणाऱ्यांपर्यंतही ती पोहोचते. पुढच्या वर्षी त्याला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. त्याआधी त्याने आपल्या सहकाऱ्याला कळवले, की माझे प्रेत तेवढे राज्याच्या हद्दीबाहेर हलवा, यूटामध्ये मेलेला सापडण्याची माझी इच्छा नाही. मृत्यूच्या दारात असा विनोद करणाऱ्या माणसापुढे मान लवते.

तरीही त्या पहिल्या पत्रातली एक गोष्ट मला खटकत आली आहे. पत्रक न वाचणाऱ्यांचा उल्लेख जो हिल मंदबुद्धी किंवा बेफिकीर असा करतो. वामनदादांना असे म्हणणे शक्य नव्हते, कारण पत्र न वाचता येणारा माणूस ते स्वतःच होते. त्यांचा विनोद श्रोत्यांच्या वर उभा राहून केलेला नाही, त्यांच्या मांडीला मांडी लावून केलेला आहे.

आणि पत्र न वाचता येणारी माणसे काय योग्यतेची असतात, हे मी अकोल्यात लहानपणी पाहिले आहे. आमच्या वस्तीत बाहेरगावी कामाला गेलेल्या मुलांची आंतर्देशीय पत्रे येत आणि ती वाचून दाखवायला शेजारच्या आजी मला बोलावत. पत्र एकदा वाचून कधीच भागत नसे. चौथ्यांदा वाचून झाले की त्या म्हणायच्या, "लेकानं थोडकंच लिवलं बापा, तू वाचतानी जराक वाढव ना." मी वाढवत असे. त्यांनाही ते कळत असे, आणि डोळ्यांना पदर लावता लावता त्या हसत असत. संहिता, वाचक आणि अर्थनिर्मिती यांवरचे सिद्धान्त मी पुढे अमरावतीला पुष्कळ वाचले. त्या आजींच्या मागणीएवढे नेमके त्यांत थोडेच सापडले.

भीमजयंतीच्या दिवसांत अकोल्यात गायन पार्ट्यांचे कार्यक्रम ऐकत मी मोठा झालो. तिथे वामनदादांच्या गाण्यांच्या दोन कडव्यांमध्ये गायक पेटी थांबवून वऱ्हाडीत काहीतरी टोला हाणायचा, मंडप हसायचा, आणि त्याच हसण्यावर पुढचे कडवे उचलले जायचे. छापील संग्रहात हा टोला येत नाही. 'वाटचाल' किंवा 'मोहळ' हाती घेऊन नुसते वाचणाऱ्याला म्हणूनच वामनदादा अर्धेच भेटतात.

मागे एकदा बी. ए. च्या वर्गात मी तो पत्राचा प्रसंग सांगितला. सवयीने माझाही स्वर जड झाला होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, मंग त्या मानसाचं पत्र वाचलं कोनं?" सारा वर्ग हसला, आणि तास तिथून पुढे फार चांगला झाला.