डाग

लिंगावर डाग येतो. आठ-दहा दिवसांत जातो. परत येतो. दोस्तहो, हे वाक्य आपल्या बैठकीत कुणी उच्चारत नाही. जात, जमीन, मजुरी यांवर आपण रात्र रात्र बोलतो. चड्डीच्या आतली गोष्ट निघाली की आपली जीभ सोवळं नेसून बसते.

मी गिरणीत लागलो त्या वर्षी हा डाग तीनदा आला. गोल, जांभळट, रुपयाएवढा. थोडी आग, थोडी खाज. मग काळपट खूण ठेवून गप्प. दरवेळी जागा तीच. पाळीतला एक म्हणला, "बाईकडं गेलता का?" दुसरा म्हणला, "उष्णता हाय गड्या, सब्जा खा." एका खाजगी डॉक्टरनं आधी आडनाव इचारलं, मग गाव. हात लावला नाही. लांबूनच इंजेक्शन लिहिलं, पैसे घेतले.

शेवटी धाराशिवला सरकारी सुरक्षा क्लिनिकात गेलो. तिथल्या डॉक्टरनं हातमोजे घालून नीट बघितलं. रक्त तपासलं. गरमी नाही, एचआयव्ही नाही. मग इचारलं, "डाग यायच्या आधी गोळी कुठली खाल्ली?" तिन्ही वेळा डबल पाळी, तिन्ही वेळा अंगदुखीची गोळी! काही अंगांना एखादं औषध सोसत नाही. ते घेतलं की त्याच जागी डाग उमटतो. सल्फाच्या, जुलाबाच्या गोळ्यांनीही होतं. गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं. ती गोळी बंद, डाग बंद.

पण प्रत्येक डाग असा नसतो. बारीक फोडांचा घोस फिरून फिरून येतो तो हर्पिस असू शकतो. गरमीची जखम बहुधा दुखत नाही, आपोआप भरते, आणि रोग आत मुरत राहतो. पेनिसिलिननं तो बरा होतो. बोंडाच्या कडेला ओळीनं मोत्यासारखे दाणे असतात, तो तर रोगच नाही. नुसतं बघून आपल्याला कळत नाही, म्हणून दाखवायचं. तपासणी फुकट, नाव गुप्त. १०९७ वर फोन करूनही इचारता येतं.

वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली कोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले बाबासाहेब. खटला हरला. पण शरीराचं ज्ञान अश्लील नाही, हे त्यांनी भर कोर्टात मांडलं.

आपण त्यांची पोरं. पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला ठेवा. पहिल्यांदा मी बोलतो.